डाव्या बाजूचा पोचा

आर्जिआ येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. नीवेस काकूने पाद्रीबुवांकरवी निरोप धाडला तेव्हा एर्मेस मनात म्हणाला होता, म्हातारीची हौस आहे, धाडू दे. आणि आता रविवारचं जेवण नुकतंच उरकलं होतं, तोर्तेलिनीच्या सुपाचा वास अजून सगळ्यांच्या कपड्यांना होता, आणि एर्मेसच्या पत्राकामाच्या वर्कशॉपच्या उघड्या दारात आर्जिआ बेनात्ती काळा कोट घालून, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती.

"आत ये ना," एर्मेसची बायको मिरेल्ला म्हणाली. "कॉफी टाकते."

"कॉफी नको. इथेच बरी आहे मी. काय दाखवायचंय ते दाखवा, मला संध्याकाळच्या प्रार्थनेला जायचंय."

मिरेल्लाने तरी एक खुर्ची दारापाशी नेऊन ठेवली. आर्जिआने खुर्चीकडे बघितलं, मग समोर बसलेल्या नीवेस काकूकडे बघितलं, आणि बसली. दोघींची घरं एकाच चौकात, एकीच्या बाल्कनीतून दुसरीची बेकरी दिसते. पण काकू आजवर पाव आणायला सायकल काढून शेजारच्या गावी जात आली. आता ऐंशीची झाली, तर बसने जाते.

कारण गावात सगळ्यांना पाठ होतं. छप्पन साली रेसच्या दिवशी, कालव्याच्या वळणावर, काकूचा नवरा इव्हो मालागोली गाडीसकट रस्ता सोडून बाहेर गेला आणि समोरच्या झाडावर आदळला. कडेला उभं राहून टाळ्या वाजवणारा आर्जिआचा थोरला भाऊ देल्मो जागच्या जागी गेला. इव्हो त्याच रात्री गेला. गावाने निकाल लावायला वेळ घेतला नाही: पोराला वेगाची मस्ती होती, स्वतः मेला आणि दुसऱ्याच्या लेकराला घेऊन गेला. काकू तेव्हा गरोदर होती. पोटात होती ती फिओरेन्झा, आता तोरिनोला शिकवते आणि बोलण्यात कुणाला हार जात नाही.

गाडी मात्र कुणाला पुन्हा दिसली नव्हती. इव्होच्या थोरल्या भावाने, म्हणजे एर्मेसच्या बाबांनी, ओत्तोरिनोंनी, ती मोडून भंगारात घातली असं सांगितलं होतं. तिचा ॲल्युमिनियमचा सगळा पत्रा त्यांनीच हाताने ठोकून घडवला होता, तेव्हा मोडायचा हक्कही त्यांचाच, असं लोक म्हणाले. काकू तसं म्हणाली नाही. "माझ्या नवऱ्याचं शेवटचं जे काही होतं ते भंगारवाल्याला दिलंस," इतकंच ती दिराला म्हणाली आणि पुढे त्याच्याशी बोलली नाही. या जानेवारीत ओत्तोरिनो गेले, तेव्हा मातीलाही आली नाही.

आणि मे महिन्यात भूकंप झाला. मालागोलींच्या गोठ्यातली मागची भिंत उभी चिरली, ऑक्टोबरात गवंडी विटा उतरवायला लागला, आणि आत अंधारात लाल पत्रा दिसला.

ती गाडी आता वर्कशॉपच्या मधोमध कापडाखाली होती. कापडाचं एक टोक एर्मेसच्या हातात होतं. सकाळपासून तो नव्या नवरदेवासारखा उतावळा होता आणि मिरेल्लाने दोनदा त्याला टोकलंही होतं, की अरे, जेव तरी नीट. तिला कारण ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. कापडाखाली एर्मेसने सगळ्यांसाठी, आणि सगळ्यांत जास्त काकूसाठी, एक भेट तयार ठेवली होती.

"थांबा, इतक्यात कापड काढू नका," प्रोफेसर गेदिनी म्हणाले. "आधी बाईंना सांगू द्या आपण काय बघणार आहोत ते. नाहीतर भंगार बघायला बोलावलं म्हणतील."

प्रोफेसर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि पार्माहून इथवर त्यांना फक्त त्या गाडीने खेचून आणलं होतं. गॅरेजात विसरलेली, गवताखाली सापडलेली, तळघरात कुजलेली जुनी रेसगाडी असली की हा माणूस जेवण सोडून धावतो, अशी त्यांची ख्याती होती. टेबलावर त्यांनी जुन्या गाड्यांच्या इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या की लाम्ब्रुस्को वाइनची बाटली त्यांच्यापाशीच अडकून पडली.

"मी तुम्हाला काही म्हणणार नाही," आर्जिआ म्हणाली. "मला हिने बोलावलंय. म्हणाली, स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"म्हणालेच," काकू म्हणाली. तिने आर्जिआकडे न बघता गेदिनींकडे बघितलं. "प्रोफेसर, मला गाडी कुठल्या प्रदर्शनात मांडायची नाहीये. माझं एकच मागणं आहे. इव्होची चूक होती की नव्हती. होती असेल तर होती म्हणा. पण जे असेल ते हिच्यासमोर सांगा."

"आई, प्रोफेसर काही कोर्ट नाहीत," फिओरेन्झा म्हणाली.

"कोर्टाने तरी कुठे बघितली होती गाडी?"

गेदिनींनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि आर्जिआच्या खुर्चीपाशी जाऊन वाकले. "हा बघा फोटो. गवंड्याच्या पोराने भिंत फुटली त्या दिवशी काढलेला. याच फोटोसाठी मी आलो. पुढचं नाक चेपलंय, ते झाडाने चेपलं, त्यात विशेष काही नाही. पण हे इथे, मागे, डाव्या बाजूला बघा. चाकाच्या वर."

"धूळ दिसते," आर्जिआ म्हणाली.

"धूळ आहेच. पण धुळीखाली खोल पोचा आहे. आता मला सांगा, जो माणूस मस्तीत रस्ता सोडून झाडावर जातो, त्याच्या गाडीला मागून पोचा कसा येईल? गाडी उलटली नव्हती, काच शाबूत आहे, उजवी बाजू कोरी आहे. मागे डावीकडे असा दणका बसायला एकच गोष्ट लागते. मागून येणाऱ्या कुणीतरी वळणावर आत घुसायला बघितलं आणि याला ढकललं. तसं ढकललं की गाडी फिरते, आणि मग चालवणारा कोण का असेना, काही करू शकत नाही."

आर्जिआने फोन हातात घेतला. फोटो मोठा करायला तिला जमेना, तेव्हा फिओरेन्झाने पुढे होऊन करून दिला.

"पण हा पोचा नंतर आला असेल," आर्जिआ म्हणाली. "ओढून आणताना. भिंतीमागे ढकलताना."

"बरोबर बोललात," गेदिनी खूश होऊन म्हणाले. "मी पण हेच म्हणालो असतो. म्हणून तर मी फिओरेन्झाबाईंना फोनवर बजावलं, की मी येईपर्यंत हात लावू नका, फडकंसुद्धा फिरवू नका. कारण गाडीने गाडीला मारलं तर एकीचा रंग दुसरीला लागतो. पत्र्याच्या घडीत तो जन्मभर बसून राहतो. इव्होची गाडी लाल. त्या घडीत दुसरा रंग असेल तर मामला संपला. तो कुठला आहे तेही कळेल, कारण त्या रेसला कोण कुठल्या रंगाची गाडी घेऊन आला होता, ते मला पाठ आहे."

एर्मेसच्या हातातलं कापडाचं टोक ओलं झालं होतं.

तीन आठवडे तो रोज काम संपल्यावर इथे एकटा थांबत होता. फिओरेन्झाने फोनवर सांगितलं होतं, हात लावू नकोस, प्रोफेसरांचं म्हणणं आहे. आणि तो हसला होता. हात लावू नका म्हणे! ती काय चर्चमधली मूर्ती आहे? शहरातल्या लोकांना धुळीचंही कौतुक. मालागोलींच्या घरात पोचा पडलेली गाडी आली आणि तशीच परत गेली असं आजवर झालं नव्हतं. त्याच्या बाबांना शेजाऱ्याच्या दुधाच्या बादलीचा पोचासुद्धा बघवत नसे. बोलता बोलता बादली हातातून काढून घेत, गुडघ्यावर ठेवून लाकडी हातोड्याने दोन ठोके देत आणि परत करत. तशा माणसाने ही गाडी भिंतीआड लपवली, तर का लपवली असेल? बघवली नसेल म्हणून. सख्ख्या भावाची गाडी ठोकायला हात उचलला नसेल म्हणून. एर्मेसने मनाशी असं ठरवून टाकलं होतं, आणि ते त्याला इतकं पटलं होतं की एका रात्री तो गाडीजवळ बसून रडलाही होता. बाबांना जे जमलं नाही ते आपण करू. नाकाचं काम मोठं, ते हिवाळ्यात. पण मागचा पोचा लहान आहे, तो रविवारपर्यंत होईल. काकू येईल, कापड निघेल, आणि निदान एका बाजूने तरी तिला तिच्या नवऱ्याची गाडी होती तशी दिसेल.

"काढ ना रे," काकू म्हणाली. "काय झालं? असा का उभा?"

"काकू, आज... उजेड कमी आहे," एर्मेस म्हणाला. "आपण उद्या सकाळी बघू या का?"

"दुपारचं ऊन पडलंय दारातून," मिरेल्ला म्हणाली. मग तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

फिओरेन्झाला मात्र तेवढं पुरलं. गाडी प्रोफेसरांच्या क्लबच्या कुलूपबंद शेडमध्ये हलवावी असं तिचं पहिल्यापासून म्हणणं होतं. एर्मेस अडून बसला होता, मालागोलींची गाडी मालागोलींच्या छपराखालीच राहील म्हणून. आणि शेवटी तिने त्याच्या बाजूने आईची समजूत घातली होती. एका अटीवर, की गाडीला कुणी हात लावायचा नाही. ती उठली, त्याच्या हातातून टोक घेतलं आणि कापड ओढलं.

पुढचं नाक तसंच होतं, चेपलेलं, फाटलेलं, आतल्या लोखंडाच्या गंजाचे ओघळ आलेलं. धूळही तशीच होती, गाडीच्या दारापर्यंत. आणि त्याच्या मागे, डाव्या चाकावर, पत्रा आरशासारखा चकचकत होता. त्यात दारातलं ऊन दिसत होतं आणि आर्जिआचा काळा कोट दिसत होता.

गेदिनी पुढे आले. त्यांनी हात पत्र्यावर ठेवला आणि सावकाश फिरवला, एकदा वरून, एकदा खालून. मग खाली बसून आतून हात घातला. त्यांना काही लागलं नाही. एर्मेसचं काम तसंच असायचं; बोटांनाही सापडू नये असं.

"काय सुंदर काम आहे," गेदिनी अगदी हळू म्हणाले. आणि जमिनीवर बसूनच राहिले.

"कुणी केलं हे?" फिओरेन्झा म्हणाली. "एर्मेस, मी तुला विचारतेय. मी तुला काय सांगितलं होतं फोनवर?"

"काकूला बरं वाटावं म्हणून..."

"तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस! एक गोष्ट सांगितली होती तुला, एकच! पण नाही, तुझ्या हाताला खाज! मालागोलींचा हात! माझा बाप गेला त्याची एकुलती एक साक्ष होती ती, आणि तू तिला पॉलिश मारलंस?"

"फिओरेन्झा," काकू म्हणाली.

"काय फिओरेन्झा? मी त्याची बाजू घेतली, आई. तुला नको होती गाडी इथे, मी म्हटलं राहू दे, एर्मेस आपला आहे."

"गप्प बस जरा." काकू उठली. काठी खुर्चीलाच राहिली, तरी ती चालत गाडीपर्यंत आली आणि एर्मेससमोर उभी राहिली. "मला सांग, बाळा. ठोकायच्या आधी तू पुसलं असशील ना? तू पुसल्याशिवाय हातोडा लावत नाहीस. काही दिसलं का तुला?"

एर्मेसला खोटं बोलता आलं असतं. काही नव्हतं काकू, नुसता लाल रंग होता, असं म्हटलं असतं तर त्याच्या हातून काही पुसलंच गेलं नव्हतं असं ठरलं असतं आणि सगळं तिथेच मिटलं असतं. त्याच्या मनात ते आलं. पण तिने बाळा म्हटलं होतं.

"हिरवा होता," तो म्हणाला. "घडीत. गडद हिरवा, बोटभर रुंद पट्टा."

गेदिनींनी वर बघितलं.

"मला वाटलं आपल्या खिडक्यांच्या झडपांचा रंग लागला असेल. भिंतीआड ढकलताना घासली असेल. आपल्या झडपा हिरव्याच आहेत ना. म्हणून मी..."

"तुला खरंच तसं वाटलं?" गेदिनींनी विचारलं.

एर्मेसने मान खाली घातली. नव्हतं वाटलं. हातातला घासकागद क्षणभर थांबला होता. झडप घासली तर रंग वर लागतो, घडीच्या आत जात नाही, हे त्याच्या बोटांना कळलं होतं. पण समोर पत्रा होता, पोचा होता आणि रविवार जवळ आला होता. त्याने कागद ओला केला आणि पुन्हा घासायला घेतलं.

"काही उरलंय का? कागद, फडकं?"

"शेगडीत घातलं. आतून बाहेरून पांढरा पत्रा काढला मी, प्रोफेसर. मग रंग चढवला."

गेदिनी गुडघ्यांवर हात टेकून उठले. "त्या रेसला हिरवी गाडी एकच होती," ते म्हणाले. "वकील तोस्कींची. दुसरे आले होते ते."

हे नाव ऐकून मिरेल्लाने तोंडावर हात ठेवला. वकील तोस्की जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण एर्मेसच्या लहानपणी वर्कशॉपच्या अंगणात दोनांतली एक गाडी त्यांची किंवा त्यांच्या मित्रांची असायची. ते आले की बाबा हातातलं काम टाकून उठत. एर्मेसच्या बाप्तिस्म्याला चांदीचा पेला त्यांनीच दिला होता. ती हिरवी गाडीसुद्धा बाबांनीच ठोकून घडवली होती. तिचा रंग त्यांनी स्वतः कालवला होता. पत्र्याच्या घडीत तो बघितल्यावर त्यांना ओळखायला किती वेळ लागला असेल?

"म्हणजे ओत्तोरिनोला ठाऊक होतं," काकू म्हणाली.

एर्मेसला वाटलं, आता तरी कुणीतरी आपल्याला मारावं.

दारापाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आर्जिआ उभी राहिली होती. ती कधी नव्हे ती वर्कशॉपच्या आत आली, गाडीपाशी थांबली आणि हातमोजा काढून तिने त्या चकचकीत पत्र्यावर बोट टेकवलं.

"इथे होतं?"

"हो, आर्जिआताई. इथे. शपथ घेऊन सांगतो. चौकात उभा राहून सांगतो, तुम्ही म्हणाल तिथे सांगतो."

"तू सांगशीलच रे. तू मालागोली आहेस." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच एर्मेसला जास्त लागलं. "मला वाटलं होतं तुम्ही लोक काहीतरी बनाव रचणार. तरी आले. का आले सांगू? देल्मो गेला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तेव्हापासून मी एका मेलेल्या माणसाला शिव्या घालतेय. रोज शटर उघडताना हिची बाल्कनी दिसते आणि रोज सकाळ नासते. कंटाळले मी. मलासुद्धा वाटत होतं की दाखवावं कुणीतरी. एवढं दिसलं असतं ना, नखाएवढं हिरवं, तर मी इथल्या इथे हिचा हात धरला असता."

"मग धर ना," फिओरेन्झा म्हणाली. ती रडत होती. "एर्मेस खोटं बोलत नाहीये."

"नसेल. पण घरी जाऊन रात्री मला पुन्हा वाटेल की बोलला असेल. मी मला ओळखते." आर्जिआने हातमोजा चढवला. "माझ्या आईला मी काय सांगू, थडग्यापाशी? की चुलतीसाठी पुतण्या असं म्हणतो?"

ती निघाली. काकूपाशी पोचल्यावर थबकली. दोघींमध्ये हातभरही अंतर नव्हतं. आर्जिआने मान थोडी खाली केली, रस्त्यात अनोळखी माणसाला करतात तेवढीच, आणि बाहेर गेली. अंगणातल्या खडीवर तिची पावलं बराच वेळ वाजत राहिली.

गेदिनी तोंडातल्या तोंडात म्हणाले की ते आपल्या क्लबच्या अंकात लिहितील, फोटो छापतील, बहुधा असं घडलं असावं म्हणून मांडतील. फिओरेन्झा त्यांना घेऊन अंगणात गेली. जाताना तिने एर्मेसकडे बघितलं नाही. मिरेल्ला काकूची काठी घेऊन आली, पण काकूने काठी घेतली नाही. ती गाडीच्या मागच्या चाकापाशी उभी राहून पत्र्यावरून तळवा फिरवत होती.

"काकू," एर्मेस म्हणाला. "तू काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर."

"तुला कशाला शिव्या देऊ?" काकू म्हणाली. "तू काढलास तो पोचा तुझ्या बापाला एका दुपारी काढता आला असता. मग गाडी खरोखर भंगारात घालता आली असती. तोस्कींची भीती उरली नसती, काही नाही. तसं केलं नाही त्याने. मला सांगायची छाती झाली नाही, आणि पुसून टाकायचीही झाली नाही. अरे, ज्याला दुसऱ्याची बादली बघवत नव्हती, त्याने आयुष्यात एकच पोचा तसाच ठेवला."

तिचा हात फिरायचा थांबला.

"रोज दाराशी यायचा तो, पहिली दोन वर्षं. 'नीवेस, जरा ऐकून घे' म्हणायचा. मी आतून कडी घालायची."

मग ती मिरेल्लाचा हात धरून सावकाश खाली वाकली, आतून, चाकाच्या वरच्या अंधारात हात घातला, आणि जिथे आता काहीच नव्हतं तिथे बोटांनी कितीतरी वेळ शोधत राहिली.